द्वारकाबाईचे मासे वर आले

द्वारकाबाईला काळजी करायला कारण लागत नसे. मेंढरू शिंकलं की तिच्या पोटात गोळा यायचा, आणि कुणीच शिंकलं नाही तर 'आज सगळी गप कशी' म्हणून यायचा. सिद्धेश्वर धरणाच्या खाली आमचं गाव. माझं किराणा दुकान तिच्या घरासमोरच, त्यामुळे तिची काळजी रोज सकाळी आधी माझ्या कानावर पडायची. मी चिडवायचो, "द्वारकाबाई, माझ्याकडलं मीठ संपतं, पण तुमच्याकडली काळजी काही संपत न्हाई."

एक काळजी मात्र खरी होती. तिच्या नवऱ्याला, ग्यानबाला, दमा होता. धनगराचं घर. दिवाळी झाली की तो मेंढरं घेऊन पुसदच्या बाजूला निघायचा, तो पावसाच्या तोंडावर परतायचा. सारा हिवाळा उघड्यावर, दवात आणि धुळीत. सत्त्याण्णव साली तो परतला तो बैलगाडीत आडवा पडून. मान वर, तोंडाचा आ, छातीत शिट्टी. आणखी एक हिवाळा असा काढला तर आमच्या हातात काही राहणार नाही, असं हिंगोलीच्या डॉक्टरनं बजावलं. ग्यानबाचं उत्तर ठरलेलं होतं, "मेंढरं काय दारात बसून चरतेत?"

म्हणून द्वारकाबाईनं मासे पाळायचं काढलं. कालव्याच्या कामासाठी मुरूम काढून झालेला भला मोठा खड्डा तिच्या रानाच्या कडेला होता, पावसात तो तुडुंब भरायचा. मासे तगले तर मेंढरं कमी करायची आणि नवऱ्याला घरी ठेवायचं, असा तिचा बेत. ग्यानबा हसला. "दिवाळीपस्तोर जगले तर राहतो," म्हणाला.

त्याच पावसाळ्यात मत्स्य खात्याचे साहेब बोटाएवढी पिल्लं सोडायला आले. यांना चारू काय, असं तिनं विचारलं.

"लेंड्या टाका, पण बेतानं," साहेब म्हणाले.

"मासे लेंड्या खातेत व्हय?"

"मासे नाही खात. पाण्यात डोळ्यांना न दिसणारे जीव असतात, ते लेंड्या कुजवतात. त्यातलं सत्त्व पाण्यात सुटतं, त्यावर हिरवं शेवाळ येतं, शेवाळावर बारीक किडे आणि किड्यांवर मासे. जे मरतं, कुजतं, ते सगळं हे जीव पुन्हा कामाला लावतात. समुद्रातसुद्धा असंच चालतं. पण एक लक्षात ठेवा, त्यांनाही श्वास लागतो. त्यांना खाणं जास्त झालं की ते वाढतात आणि पाण्यातला सगळा प्राणवायू संपवतात. आभाळ भरलेलं असेल तेव्हा तर काहीच टाकू नका. ऊन नसलं की शेवाळही प्राणवायू सोडत नाही."

तिनं मान डोलावली. पण धनगराच्या घरात खत जास्त झालं असं कधी कुणी ऐकलेलं नसतं. मेंढरं रानात बसवली की शेतकरी अजून एक रात्र थांबा म्हणून मागे लागतात. 'बेतानं' हा शब्द तिच्या डोक्यात शिरला तरी टिकायला जागा नव्हती.

पाणी हिरवंगार झालं, मासे वितीएवढे झाले. मग भादव्यात आभाळ दाटलं ते हटेचना. अशा एका सकाळी ती धापा टाकत दुकानात आली. "रामजीभाऊ, माझी लेकरं उपाशी हायेत! समदी वर येऊन तोंडं उघडून राहिलीत!"

"साहेब काय म्हणाले होते?" मी विचारलं.

"साहेबाला कशाची ठावी भूक? भुकेलं कोकरू कसं तोंड वर करतं ते मी जनमभर बघितलंय." आणि तिनं टोपलंभर लेंड्या नेऊन पाण्यात ओतल्या. दुपारी वाऱ्यानं पाणी जरा हललं, मासे खाली गेले. पोट भरलं त्यांचं, असं तिनं मला येऊन सांगितलं.

दुसऱ्या दिवशी उजाडताना तिची किंकाळी ऐकून मी पळत गेलो. सगळं पाणी तोंडांनी भरलं होतं. काठाला काही मासे पांढरं पोट वर करून पडले होते. लेंड्यांचं टोपलं तिच्या हातातच होतं. मेंढरं सोडून ग्यानबाही आला आणि पाण्याकडे बघत थिजून उभा राहिला.

"भूक कोण म्हनलं ह्याला?" तो म्हणाला. "ह्यांला दम लागलाय. मला इचार."

निरगुडीची फांदी मोडून तो कमरेएवढ्या पाण्यात उतरला आणि पाणी झोडपायला लागला. मी बादलीनं पाणी वर उडवत राहिलो. तो झोडपत होता तिथले मासे हळूहळू सावरत होते. पण वरून झिमझिम चालू होती, पाणी गार होतं, आणि थोड्याच वेळात त्याच्या छातीतली शिट्टी मला काठावर ऐकू यायला लागली.

"बाहीर या!" द्वारकाबाई ओरडली.

"थांब... जरासं... खाली चाललेत बघ..." त्याचा आ मिटत नव्हता.

तिनं टोपलं भिरकावलं, लुगड्यासकट पाण्यात उडी घेतली आणि त्याच्या धोतराला धरून त्याला ओढलं. "मरू द्या त्या माशांला! ज्याच्यापायी पाळले, त्योच गेल्यावर मी काय करू?" नेहमी घाबरून बोलणाऱ्या त्या बाईचा तो आवाज मी पहिल्यांदाच ऐकला.

तिच्या भावानं, हरिचंदनं, इंजन आणून कालव्याचं पाणी दुपारपर्यंत खड्ड्यात फवारलं. निम्म्याहून जास्त मासे गेले. साहेब आले, रागावले नाहीत. मेलेले हाती लागतील तेवढे बाहेर काढा आणि आता काही टाकू नका, एवढंच म्हणाले. तिनं काही टाकलं नाही. ऊन पडलं, आणि तळाशी राहिलेल्या मेलेल्यांवरच पाणी पुन्हा हिरवं झालं. उरलेले मासे त्यावर चांगले पोसले.

दिवाळी आली. पण मेंढरं कमी करता येतील एवढे मासे काही राहिले नव्हते. ग्यानबा गुमान घोंगडी गुंडाळायला लागला.

"जगले तर राहतो म्हनले होते तुमी," ती म्हणाली. "जगलेत."

"आन् मेंढरं?"

"म्या जाते, हरिचंदासंगं."

हिंगोलीच्या यष्टीत एकटी बसायला घाबरणारी ही बाई! पण गेली. मागं वळून वळून बघत गेली, पण गेली.

मग काळजी करायची पाळी ग्यानबावर आली. पहाट फुटली की खड्ड्याच्या काठावर, आणि तिथून उठला की माझ्या दुकानात. त्या साली मी फोन बसवला होता. "आला का?" हा त्याचा एकच प्रश्न. चिडवायची सोय होती, पण माझ्याच्यानं चिडववेना.

एका बाजाराच्या दिवशी पुसदहून फोन आला. त्यानं तो माझ्या हातातून हिसकावलाच. "मासे खालीच हायेत, वर येऊन न्हाई राहिले. आन् म्या बी झ्याक हाय."

तिचा आवाज मला समोर उभ्या उभ्या ऐकू आला. "तुमच्या बोलण्यावर माझा इस्वास न्हाई. बोलू नका. फोन तोंडापाशी धरा आन् नुसता श्वास घ्या."

दुकान गिऱ्हाइकांनी भरलेलं. ग्यानबानं ओशाळून माझ्याकडे पाहिलं, डोळे मिटले आणि श्वास घेतला, सोडला, पुन्हा घेतला. तेलाच्या बाटल्या हातात धरून माणसं उभी होती, कुणी हसलं नाही. पलीकडे ती बराच वेळ ऐकत होती.

"शिट्टी न्हाई," ती म्हणाली, आणि इतके दिवस धरून ठेवलेलं तिचं रडू तिकडं फुटलं.