खिडकीची वर्गणी

इस्पितळाच्या धोबीखान्यात चादरींना इस्त्री करणाऱ्या त्या बाईला सगळे ढगाबाईच म्हणत. वाफेत उभी राहिली की तिचं मन कुठल्या कुठे जायचं. ओलसर चादरीवरून हात फिरवताना तिला वाटे, आपण एखादं झोपलेलं तळं थोपटतोय. हाक मारली तर 'ओ' यायला वेळ लागायचा.

युनियनची ती सभासद नव्हती. तिच्या धाकट्या बहिणीला तिथूनच कामावरून काढलं, तेव्हा युनियनवाल्यांनी कानावर हात ठेवले होते. ते तिच्या मनातून काही जाईना. आणि युनियनची खजिनदार कोण, तर तिची सख्खी नणंद, शेजारच्याच टेबलावर.

पुढे युनियनने मालकांशी भांडून भिंत फोडायला लावली आणि तिथे मोठी खिडकी करून घेतली. पहिल्या सकाळी वारा आत आला, वाफ आळसावल्यासारखी उठली आणि सरकत सरकत बाहेर निघून गेली. ढगाबाई इस्त्री उभी ठेवून बघतच राहिली. पलीकडच्या टेबलावरच्या बाईच्या गालावर खळी पडते, हे तिला तेव्हा कळलं.

त्याच महिन्यात सगळ्यांच्या पगारातून वर्गणी कापली गेली. सभासद नसलेल्यांच्याही.

"वन्सं, मी तुमच्यात नाही. मग माझे पैसे का कापले?"

"वहिनी, वारा काय आम्हालाच लागतो?" नणंद फणकारली.

बोलणं खोटं नव्हतं. ढगाबाई दोन दिवस त्याच विचारात तरंगत राहिली. मग म्हणाली, "खिडकीचे खुशाल घ्या. पण निवडणुकीत तुम्ही ज्याच्या गळ्यात हार घालता, त्याचे माझ्याकडून नकोत."

"असं कुठे वेगळं काढता येतं होय?"

नणंदेने अबोला धरला. ढगाबाई कामगार अधिकाऱ्याकडे गेली. त्याने नणंदेलाही बोलावलं, दोघींचं ऐकून घेतलं आणि निकाल दिला: मालकाशी बोलणी करण्याचा खर्च सगळ्यांनी सोसायचा, राजकारणाचा फक्त सभासदांनी. दोघींनाही तो अर्धाच पटला.

बाहेर पायरीवर कोवळं ऊन पडलं होतं. दोघी तिथेच टेकल्या.

"आता तरी या आमच्यात," नणंद हळूच म्हणाली.

"नाही हो वन्सं. मन होत नाही."

"बरं."

ती शेवटपर्यंत सभासद झाली नाही. तिच्या वाट्याची वर्गणी मात्र दर महिन्याला कापली जाई, आणि त्यावर तिने पुन्हा कधी ब्र काढला नाही. दुपारी दोघी एकाच डब्यातून जेवत. युनियनचा विषय निघाला, की नणंद आपणहून दुसरंच काहीतरी बोलू लागे.