चुंबकाची वाटी

बंदरावर त्यांना सगळे चक्करकाका म्हणत. शिडाच्या बोटीत इलेक्ट्रॉनिक होकायंत्र बसवलं की बोट संथ पाण्यात सावकाश गोल फिरवायची, म्हणजे यंत्र बोटीवरचं लोखंड ओळखतं आणि दिशा बरोबर दाखवतं. एक फेरी पुरते. ही यंत्रं बसवून देणारे काका तीन मारायला लावत. बोटवाले वैतागत, पण काकांच्या तोंडी कोण लागणार? त्यांची लेक मात्र थट्टा करायची, "बाबा, बोटीला भोवळ आणता तुम्ही." काका स्वतःही कधी एका जागी ठरत नसत, दुकानातल्या खुर्चीला जणू काटेच होते.

आज लेक पहिल्यांदाच एकटी, पलीकडच्या बंदरातल्या गिऱ्हाइकाला, काकांनी सकाळीच नवं होकायंत्र बसवलेली बोट पोचवायला निघाली होती. तिला निरोप देऊन काका दुकानात आले, हत्यारांची पेटी उघडली आणि ती तळापर्यंत उपसली. स्क्रू ठेवायची चुंबकाची वाटी पेटीत नव्हती. ती बोटीतच राहिली होती, बाकाखाली, होकायंत्राला अगदी खेटून.

आता वाटी काढ म्हणावं की राहू दे म्हणावं? फेऱ्या मारताना ती तिथेच असेल, तर यंत्रानं तिलाही जमेस धरलं असणार. मग काढली की दिशा चुकली. फेऱ्यांनंतर शेवटचा स्क्रू आवळताना राहिली असेल, तर ठेवली की दिशा चुकली. काकांनी येरझारा घातल्या, पेटी पुन्हा उपसली, स्वतःवरच चरफडले. काही केल्या आठवेना. बोटीचं सुकाणू त्या यंत्राच्याच सांगण्यावर चालत होतं. जुनं होकायंत्र काकांनी अडगळ म्हणून काढून टाकलं होतं. पुढे खडकांची रांग होती आणि तिकडून धुकं सरकत येत होतं.

"अहो, किती फिराल? सरळ सांगून टाका तिला," बायको काउंटरमागून म्हणाली.

"काय सांगू?"

"आठवत नाही म्हणून."

हे शब्द काकांनी लेकीसमोर जन्मात काढले नव्हते. ती एखादा पाना विसरली तरी तिला दिवसभर बोलणी बसत. त्यांनी वायरलेस उचलला, ठेवला, पुन्हा उचलला.

"ऐक. बाकाखाली माझी वाटी राहिलीये. फेऱ्यांच्या आधी की नंतर, मला आठवत नाही. चूक माझी आहे."

आता ती हसेल, असं काकांना वाटलं. ती हसली नाही, आणि ते त्यांना जास्त लागलं.

"मग काय करू, बाबा?"

"वाटी काढून पार पुढच्या टोकाला ठेव. शीड उतरव, इंजिन लाव, आणि..."

"आणि चक्कर मारू. कळलं. तुम्ही बसा आता."

काका दुर्बीण घेऊन धक्क्याच्या टोकाशी धावले. दूरवर शीड खाली आलं. बोट सावकाश वळू लागली. एक फेरी पुरी झाली, तरी ती थांबली नाही. तिनं दुसरी घेतली. तिसरी सुरू झाली तेव्हा काका धक्क्यावर खाली बसले.