पेट्रोलची चूळ

लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरचं पाणी पिऊ नये, ही आमच्याकडची जुनी रीत. माझ्या लग्नाला अकरा वर्षं झाली, मूल झालं नाही. आप्पा शिरूरहून खुटबावला यायचे, अंगणातल्या खाटेवर बसायचे आणि तहानलेलेच परत जायचे. आता असलं पाळतं कोण? पण माझ्या बापापुढे बोलायची सोय नव्हती. मूल नसल्याचं दुःख होतंच. पण खरं सांगते, त्यांच्या हातात एक कप चहा द्यावा, यासाठी माझा जीव जास्त तुटायचा.

ते यायचे गाडीसाठी. शिरूरचं आपलं गॅरेज बंद केलं तेव्हा त्यांनी आपली जुनी, दोन कार्बोरेटरची, एके काळी शर्यतीत पळवलेली गाडी मला दिली. जावयाला नव्हे, मला. तिचा नट-बोल्ट खोलायला मी त्यांच्याच हाताखाली शिकले होते.

यंदा उसाच्या हंगामात तिनं मला रडवलं. उभी असताना इंजिन झकास चाले. पाटसच्या हायवेला वेग धरला की दहा मिनिटांत गचके खाऊन बंद. जरा थांबलं की पुन्हा शहाण्यासारखी चालू. फिल्टर बदलला, जेट साफ केले, पंप तपासला. शेवटी आप्पांना फोन केला.

आल्या आल्या त्यांनी गाडी हायवेला पळवायला लावली. गचके सुरू झाले तशी वळवून हळूहळू अंगणात आणली. आप्पा खाली सरकले. टाकीकडून पंपाला येणारी नळी चिमटीत दाबून काढली आणि तोंडात धरून जोरात ओढली. काही येईना. त्यांनी हातानंच खुणावलं, टाकीचं झाकण उघड.

उघडलं. टाकीनं सूं करून हवा आत ओढली आणि पेट्रोल थेट आप्पांच्या तोंडात!

थुंकत बाहेर आले. झाकण उलटं करून पाहिलं. धूळ जाऊ नये म्हणून मीच आतून दुधाच्या पिशवीचा तुकडा बसवला होता.

"झाकणाला भोक कशापायी आसतंय? हवा आत गेल्याबिगर पेट्रोल भाईर येतंय व्हय? आन् हिला म्या शिकवली!"

मी शरमेनं अर्धी झाले. धावत जाऊन पाण्याचा तांब्या आणला. पहिली चूळ त्यांनी जास्वंदीखाली टाकली. दुसरी टाकली, तिसरीही. मी मोजत उभी. चौथा घोट तोंडात घेऊन ते थांबले. गळ्याची घाटी वर गेली, खाली आली.

"आप्पा, गिळलंत?"

"पेट्रोल गेलंय पोटात. त्यावर पानी नको व्हय?" माझ्याकडे न बघता त्यांनी तांब्या पुढे केला. "आन् आनखी. च्या बी टाक."

मी आत गेले. आधण ठेवलं आणि ओट्याला धरून रडले. त्यांना हल्ली चहात साखर किती लागते, तेही मला ठाऊक नव्हतं.