बॉनेटवर पाणी पसरेना

मंडळी, गाडीला रंग लागला! सकाळी मला खरंच वाटत नव्हतं, आज हे होईल.

दोन वर्षं वालीवच्या भाड्याच्या शेडमध्ये मी स्वतःच्या हाताने फायबरची गाडी बनवतोय. मोटारींचे पेंटर फायबर म्हटलं की हात वर करतात, म्हणून राजोडीला फायबरच्या होड्या रंगवणाऱ्या पास्कोलकाकांना बोलावलं.

त्यांनी रंगाचा डबा उघडायच्या आधी पांढऱ्या प्रायमरवर, बॉनेटभर पाणी ओतलं. सगळीकडे ते सपाट पसरलं, फक्त मधोमध त्याचे थेंब झाले.

"इकडं तेल लागलंय. पानी बसत नाय, तर रंग काय बसनार?"

"कोणी हात लावला?" मी ओरडलो.

जेवणाचा डबा घेऊन आलेली आई हळूच म्हणाली, "काल मी कुंकवाचं स्वस्तिक काढलं. मग वाटलं, तू चिडशील. पुसायला गेले तर डाग जाईना, म्हणून खोबरेल चोळलं."

काका हसायलाच लागले. त्यांनी तो भाग थिनरने पुसला, पॉलिश पेपर मारला, धुतला आणि पुन्हा पाणी ओतलं. या वेळी ते छान पसरलं. दुपारी लाल रंग कुठेही न फाटता बसला. जीव भांड्यात पडला!

तेव्हा लक्षात आलं, दोन वर्षांत मी आईला या गाडीला एकदाही हात लावू दिला नव्हता.

उरलेला रंग आणि ब्रश तिच्या हातात दिला. बॉनेटच्या आतल्या बाजूला तिने सावकाश स्वस्तिक काढलं.

तुमच्या घरात असं कोण आहे, जे तुमच्या छंदाला तुमच्या नकळत हात लावून जातं?