काचेखाली अडकलेला केस

ढमीच्या वेणीबद्दल त्या घरात कधी दुमत नव्हतं. पोरगी लहानपणापासून अंगाने भरलेली. भावाने ढमी म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव चिकटलं. येणारेजाणारे तिच्याकडे बघत, जरा घुटमळत आणि काहीतरी चांगलं बोलायला हवं म्हणून म्हणत, "केस मात्र किती छान हो!" त्या 'मात्र'चा आईला राग यायचा. पुढे तिशीच्या आतच गुडघे आणि साखर दोन्ही हाताबाहेर गेल्यावर ढमीने पोट लहान करायचं ऑपरेशन करून घेतलं. वजन भराभर उतरलं. चार महिन्यांनी केसही उतरू लागले, तेव्हा तोच 'मात्र' आईला परत हवासा वाटायला लागला.

न्हाणीघराच्या जाळीवर केस, टॉवेलवर केस. ढमी तोंड धुऊन येईपर्यंत आई तिची उशी झटकून ठेवायची. ढमी वेणी घालायला बसली की आईचे डोळे आपोआप फरशीकडे वळत. बघू नकोस ना, असं ढमी म्हणायची. मी कुठे बघतेय, असं म्हणून आई बघायची.

आहारतज्ज्ञ बाईंनी समजावलं होतं की वजन इतक्या झपाट्याने उतरलं की केस गळतात, बहुतेकांचे परत येतात. पण पोट आता एवढंसं झालंय, तेव्हा दिवसातून अनेकदा थोडं थोडं खायचं, आणि दर वेळी त्यात अंडं, दही असं काहीतरी ताकदीचं हवंच. त्यात कुचराई झाली तर गळणं लांबेल आणि अशक्तपणा येईल तो वेगळाच. ढमीने मान डोलावली. आईच्या डोक्यात मात्र 'बहुतेकांचे' हा शब्द रुतून बसला. उरलेल्यांत आपली पोरगी निघाली तर?

घरी ढमी नेमाने खायची. घोळ होता दुकानात. फोटोंना आणि चित्रांना फ्रेम करून देणारं ते दुकान, आणि ढमी तिथे काच बसवायच्या टेबलावर कामाला होती. काच पुसायची, खाली फोटो बसवायचा, दिव्याखाली धरून कण न् कण टिपायचा, मग मागून पुठ्ठा लावून टेपने बंद करायचं. एकदा बंद झालं की आत राहिलेलं कुसळसुद्धा गिऱ्हाइकाला रोज दिसणार. हिच्या हातची फ्रेम परत उघडावी लागत नाही, असं मालक ज्याला त्याला सांगायचे.

तिथे ढमीने सांगितलं होतं की पित्ताशयातले खडे काढले. खाण्यावर ताबा नाही म्हणून पोट कापून घेतलं, असं कुणी पाठीमागे बोलायला नको होतं तिला. आईकडूनही तिने तसंच सांगायचं कबूल करून घेतलं होतं. आता खडे काढलेलं माणूस सारखी डबी उघडून अर्धं अर्धं अंडं कशाला खाईल? म्हणून ढमी डबी उघडायचीच नाही. हे आईला कळलं ते पिशवीच्या तळाशी वास मारणारी अंडी सापडल्यावर. मग कडाक्याचं भांडण झालं. आई म्हणाली, मालकांना सांगून मोकळी हो. ढमी म्हणाली, तू शब्द दिलायस.

त्याच आठवड्यात एक गिऱ्हाईक फ्रेम परत घेऊन आलं. त्याच्या वडिलांच्या फोटोवर, ऐन गालावर, काचेखाली लांब काळा केस. दोन दिवसांनी आणखी एक फ्रेम आली. मालक ढमीला काही बोलले नाहीत, पण तिने बंद केलेली प्रत्येक फ्रेम स्वतः दिव्याखाली धरायला लागले. ते ढमीला जास्त लागलं.

"अजून एक निघाली की ते टेबल दुसऱ्याला देतील," ती घरी येऊन म्हणाली. "मला दुसरं काय येतं, आई?" आणि पुढ्यातलं दही सरकवून उठली.

दुसऱ्या दिवशी दुपारी आई उकडलेल्या अंड्यांची डबी घेऊन थेट दुकानात पोचली. सांगून टाकायचं, मग पोरगी जन्मभर बोलली नाही तरी चालेल, असं तिने वाटेत पक्कं केलं होतं. पण आत पाऊल टाकलं आणि दिव्याखाली वाकलेल्या ढमीचा रुंद झालेला, चकाकणारा भांग तिला दिसला. ढमीने मान वर केली आणि तिचा चेहरा उतरला.

मालक समोर एक उघडलेली फ्रेम घेऊन बसले होते. चिमट्यात केस होता.

"या ताई. बरं झालं आलात," ते म्हणाले. "मला एक सांगा, तुमच्या घरी मांजर आहे का?"

आईने ढमीकडे पाहिलं. ढमी एकटक तिच्याकडे बघत होती.

"आहे," आई म्हणाली. "लांब केसांचं."

"काळं?"

"काळंच."

मालकांनी केस उजेडात धरला. तो चांगला हातभर होता. "मांजर आहे की घोडा?" ते म्हणाले.

ढमीने हातातलं फडकं टेबलावर ठेवलं. "मांजर नाहीये, काका. केस माझे आहेत." आणि मग तिने सगळं सांगितलं, खाली मान घालून, एका दमात. ऑपरेशन खड्यांचं नव्हतं, पोटाचं होतं. केस का गळतात, डबी का उघडत नाही, तेसुद्धा.

मालकांनी चिमटा पुसला, जागेवर ठेवला. काचेचं टेबल मात्र त्यांनी सध्या दुसऱ्याकडे दिलंच. ढमीने मागे बसून पुठ्ठे कापायचे, गळती थांबली की बघू, असं ठरलं. "बघू म्हणजे बघू," ते म्हणाले. "शब्द देत नाही. आणि ती डबी उघड आधी. इथेच."

ढमीने डबी उघडली. आई शेजारी स्टुलावर टेकली.

"तू जा आता," ढमी हळूच म्हणाली. "तू बघत बसलीस की घास उतरत नाही."

आई निघाली. बाहेर येऊन दुकानाच्या काचेशी थांबली आणि मांडलेल्या फ्रेमा बघतेय असं दाखवत आत बघू लागली. ढमीने एक तुकडा तोंडात टाकला, बराच वेळ चावला, दुसरा टाकला. मग तिने डबी मिटली. पोट भरलं म्हणून, की नकोसं झालं म्हणून, ते काचेबाहेरून कळेना. आईचा पाय तिथून निघेना.