ग्लासगोत आईची फर्माईश

कंट्री संगीताचा मला मनापासून राग होता. उगाच नाही, मुद्द्यांसह. मी तेव्हा बावीस वर्षांची होते आणि माझ्याकडे प्रत्येक गोष्टीवर मुद्दे असायचे. घोडे, हॅट, झेंडे, आणि नवरा कितीही वाईट वागला तरी त्याच्यासाठी ओव्हन तापवून बसणाऱ्या बाया. हे संगीत नव्हे, हा प्रचार आहे, असं मी आईला तिच्याच किचनमध्ये उभी राहून सांगायचे.

आई कांदा चिरता चिरता म्हणायची, "प्रचार तर तूही करतेस. त्या गाणाऱ्यांचा निदान सुरात असतो."

आई ग्लासगोत नर्स म्हणून आली, माझ्या जन्माच्या तीनेक वर्षं आधी. वरळीच्या चाळीतून थेट इथल्या हॉस्पिटलच्या पुरुषांच्या वॉर्डात. इंग्रजी ती शिकून आली होती, पण इथले पेशंट बोलतात ते इंग्रजीच आहे यावर सहा महिने तिचा विश्वास बसला नाही. त्या वॉर्डात जहाजाच्या कारखान्यातला एक म्हातारा फिटर उशाशी रेडिओ लावून पडलेला असायचा. त्या रेडिओवर एक अमेरिकन बाई गायची आणि आईला तिचा शब्द न् शब्द कळायचा. "या देशात मला कळलेली पहिली बाई," आई सांगते. ती बाई या देशातली नाही हे मी दर वेळी निदर्शनास आणून द्यायचे. आईला त्याने काडीचा फरक पडत नसे.

आई ज्या घरात खोली घेऊन राहायची तिथल्या मालकिणीकडे त्या बाईची एक जुनी रेकॉर्ड होती. तिच्यातलं दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं आईचं लाडकं. परगावी हॉटेलात भांडी घासायला गेलेली एक बाई घरी पत्र लिहिते, की इथे सगळं छान आहे. गाणं एवढंच. आईही तेव्हा दर आठवड्याला तसंच पत्र वरळीला पाठवत होती. पुढे मालकीण वारली, रेकॉर्ड तिचा भाचा घेऊन गेला, आणि ते गाणं नंतर ना कॅसेटवर आलं ना सीडीवर. आईने दुकानं पालथी घातली, हॉस्पिटलच्या धर्मादाय विक्रीतली खोकी उपसली. नाही म्हणजे नाही.

इराकची लढाई सुरू झाली त्या वर्षी ती गायिका ग्लासगोत आली. वय सत्तरच्या पुढे. हा शेवटचा दौरा, असं पेपरात छापून आलं होतं. शो रविवारी दुपारी तीनला, कारण संध्याकाळी आपले गुडघे संपावर जातात, असं तिनेच मुलाखतीत सांगितलं होतं. आईने दोन तिकिटं काढली.

"मी दारात पत्रकं वाटणार आहे," मी म्हटलं. "लढाईच्या विरोधात. असल्या प्रेक्षकांना गरज आहे."

"वाट ना. तीनला पाच कमी असताना आत ये. आणि तो घोषणांचा टी-शर्ट इस्त्री कर, चुरगळलाय."

मग तिने पर्समधून एक पाकीट काढून दाखवलं. आत चांगल्या कागदावर मोठ्या अक्षरांत त्या गाण्याचं नाव लिहिलेलं, आणि टाचणीने लावलेली दहा पाउंडांची नोट.

"हे काय?"

"फर्माईश."

आमच्याकडे भीमजयंतीच्या गायनाला ऐकणारा मुका बसत नाही. गाणं काळजाला लागलं की उठायचं, नोट आणि चिठ्ठी घेऊन स्टेजपाशी जायचं. गाणारा चिठ्ठी माइकवर वाचतो, नोट पेटीवर ठेवतो आणि पुढचं गाणं ते. आई त्यातच वाढली. ग्लासगोत पाव शतक काढूनही दुसरी काही पद्धत असू शकेल हे तिच्या डोक्यात आलेलं नव्हतं, कारण इथे ती कुठल्या कार्यक्रमाला गेलीच नव्हती. ड्यूटी, मी, ड्यूटी.

"आई, इथे असं नसतं. यादी ठरलेली असते."

"मग आपल्याला काय ऐकायचंय ते तिला कळणार कसं?"

मी पत्रकं मोजायला घेतली.

दारात मी पत्रकं घेऊन उभी राहिले. हॅट घातलेले लोक झुंडीने आले आणि मी भांडणाच्या तयारीत होते. छातीवर शेरीफचा पत्र्याचा बिल्ला लावलेल्या एका जाड्या माणसाने पत्रक उभ्या उभ्या पूर्ण वाचलं. मी हनुवटी वर केली.

"हेन," तो म्हणाला. इथे कुठल्याही बाईला मायेने हेन म्हणतात. "मुद्दा बरोबर आहे, पण फार लांब झालंय. मी वीस वर्षं युनियनची पत्रकं काढली. दे वीसेक, माझ्या रांगेत वाटतो."

इतका राग घेऊन आलेल्या माणसाने तो ठेवायचा कुठे?

आत दिवे गेले आणि ती चालत आली. हळू, एका बाजूला झुकत, चंदेरी जाकीट आणि केसांचा मनोरा. मी मनात शेरा तयार ठेवला होता. तिने स्टुलावर बसून गिटार मांडीवर घेतली, सगळ्या हॉलकडे एकदा पाहिलं आणि वाद्यांची वाट न बघता पहिली ओळ टाकली. आवाज मोठा नव्हता. वरच्या पट्टीत तो खरखरायचा, आणि ती ते लपवायची नाही, तिथेच जरा जास्त थांबायची. स्टील गिटार मागून रडायची, पण ही बाई रडत नव्हती. बातमी सांगावी तसं ती गात होती. गिरणी बंद झाली. नवरा गेला. मुलीचे बूट लहान झाले. मुलीच्या बुटांच्या ओळीला माझ्या शेजारच्या बाईने रुमाल काढला. मी चार पानं खर्चून जे सांगते ते या बाईने तीन ओळींत सांगितलं होतं, आणि माझ्या पत्रकावर आजवर कुणी रुमाल काढलेला नव्हता.

दोन गाण्यांच्या मध्ये ती बोलायची. "हे गाणं पहिल्या नवऱ्यावर लिहिलंय," ती म्हणाली, "दुसऱ्याला वाटायचं त्याच्यावर आहे. तिसऱ्याने मात्र विचारलंच नाही, म्हणून तो टिकला." सगळा हॉल खदखदला. आई डोळे पुसत हसत होती. गोष्ट, टोमणा, मग गाणं. अगदी आमच्या गायन पार्टीसारखं. मी टाळ्या वाजवत होते. हे माझ्या जरा उशिराच लक्षात आलं.

सातव्या गाण्यानंतर आई उठली. निळा पदर सावरला, पाकीट घेतलं आणि मधल्या वाटेने ताठ मानेने निघाली, जयंतीच्या मांडवात निघावी तशी. स्टेजपासून चार रांगांवर हॉलच्या माणसाने हात आडवा केला. आईने पाकीट दाखवलं. त्याने मान हलवली. आईने पुन्हा समजावलं, त्याने पुन्हा मान हलवली आणि तिच्या खुर्चीकडे बोट दाखवलं. ती परत आली. वाटेतल्या लोकांना सॉरी म्हणत, पाकीट पदराखाली धरून.

"राहू दे गं," ती पुटपुटली. "त्यांचा नियम असेल."

माझ्या आईने या शहरातल्या निम्म्या म्हाताऱ्यांची अंगं पुसली आहेत आणि तिला स्टेजपर्यंत चार रांगा जाता येत नाहीत? पुढचं गाणं संपलं, टाळ्या ओसरल्या, त्या फटीत मी उठले. सभेत मंत्र्याला अडवायला कमावलेला आवाज मी लावला.

"बाई! इथे एक फर्माईश आहे, आणि ती अडवून ठेवलीय!"

सगळ्या हॅट आमच्याकडे वळल्या. आईने माझा टी-शर्ट खाली ओढला. "अगं बस! जरा लाज बाळग!"

स्टेजवरच्या बाईने कपाळावर हात धरून अंधारात पाहिलं. "कोणी अडवलीय, पोरी?"

"व्यवस्थेने!" मी म्हटलं. दुसरा शब्द सुचेना.

"ती तर मलाही अडवते," ती म्हणाली. "पाठव इकडे."

आईच्या हातातलं पाकीट मी पुढच्या रांगेत दिलं. तिथून ते डोक्यांवरून निघालं, हॅटवरून हॅटकडे, शेरीफने ते उंच धरून पुढे सरकवलं, आणि शेवटी त्याच आडव्या हाताच्या माणसाला ते स्टेजवर द्यावं लागलं. तिने नोट उजेडात धरली. "पन्नास वर्षांत लोकांनी माझ्याकडे बाटल्या फेकल्या, फुलं फेकली," ती म्हणाली. "टाचणी लावून नीट पाठवणारं पहिल्यांदाच कोणी भेटलं." तिने नोट गिटारच्या वरच्या टोकाला तारांखाली खोचली. आईने माझ्याकडे असं पाहिलं की बघ, असतं की नाही.

मग तिने चिठ्ठी वाचली आणि तिचं हसू जरा वेळ थांबलं. "हे माझ्या वादकांना येत नाही. तेव्हा यांचा जन्मही झाला नव्हता." ती एकटीच वाजवू लागली. खिडकीत बर्फ, हात गरम पाण्यात, आणि पत्रात सगळं छान आहे. आई हलत नव्हती. ओठ तेवढे हलत होते. दुसरं कडवं संपलं, गिटार एक फेरा फिरली, अजून एक फिरली, आणि ती थांबली.

"पुढचं गेलं," ती म्हणाली. "चिठ्ठीवाल्या बाई, आठवतंय?"

आई उभी राहिली. वॉर्डातल्या सिस्टरच्या खणखणीत आवाजात तिने ओळ सांगितली, गायली नाही, सांगितली. स्टेजवरून ती ओळ सुरात परत आली. आईने दुसरी सांगितली, तीही आली. अशा चार ओळी. हॉल उठून टाळ्या वाजवायला लागला, मीही उठले, हात लाल होईपर्यंत.

आईने मला दंडाला धरून खाली बसवलं. "थांब गं. टाळ्या काय वाजवतेस, अजून एक कडवं आहे."