घासलेटातले तांदूळ

वासुदेव गेल्याचा निरोप घेऊन त्याच्या चिंचपोकळीच्या कारखान्यातला माणूस गोदीत माझ्याकडे आला, तेव्हा मी आधी त्याच्यावरच रागावलो. आदल्या संध्याकाळी मी स्वतः गिरगावात वासूच्या उशाशी बसून आलो होतो. अंगात ताप होता, पण तोंड शाबूत होतं. वैद्यबुवांनी आणखी एक पुडी काढली तेव्हा हा अंथरुणातून म्हणाला, "वैद्यबुवा, ताप कशानं येतो ते कळलंय का? नसेल तर पुड्या ठेवा खिशात. मी एंजिनाला असं काहीबाही पाजलं असतं तर मालकानं मला हाकलून दिलं असतं." वैद्यबुवा हसले, वासूची बायको यमुनावहिनी हसल्या, मीही हसतच जिना उतरून ट्राम धरली. अशा माणसाला सकाळी मरण येतं यावर कोणी विश्वास ठेवावा? ... आता महिना होऊन गेला. विश्वास बसला आहे, सवय मात्र झालेली नाही.

आम्ही दोघे एकाच चाळीत वाढलो. मी पुढे गोदीत कारकून झालो. तो परळच्या एका गिरणीत एंजिनघरात शिरला आणि काही वर्षांनी बाहेर पडून त्याने स्वतःचा छोटा कारखाना टाकला. नम्रपणा त्याला कधी शिवला नाही. आपल्याला काय येतं हे त्याला पक्कं ठाऊक होतं आणि ते दुसऱ्यालाही ठाऊक असावं असा त्याचा आग्रह असे. रविवारी चाळीच्या गॅलरीत बसून कोणतं धूड आपण कसं ताळ्यावर आणलं याच्या कथा तो मीठमसाला लावून सांगायचा. "वासू, मारुतीनेसुद्धा द्रोणागिरीचा एवढा डांगोरा पिटला नसेल," असं मी म्हणायचो. पण एवढा उतावळा माणूस कामाला बसला की त्याचा हात पान्याकडे सर्वांत शेवटी जायचा. बिघाड डोळ्यांदेखत होईपर्यंत एकही पेच सैल करायचा नाही, हा त्याचा नेम. "आधीच खोलून बसलं की खरा रोग पळतो आणि आपण आपले चार नवे घालून ठेवतो," असं तो म्हणे. वाचकांपैकी ज्यांच्याकडे यंत्रं आहेत त्यांनी हे वाक्य भिंतीवर लिहून ठेवायला हरकत नाही.

माझगावच्या धर्मा कोळ्याशी त्याची गाठ मीच घालून दिली. धर्माने एका शेठकडून घासलेटावर चालणारी जुनी लाँच घेतली होती. शेठच्या आधी ती कुणा साहेबाकडे होती, म्हणजे एंजिनाने दोन मालक आधीच दमवलेले. भाऊच्या धक्क्यावरून पलीकडच्या मोरा बंदराला उतारू न्यायचे आणि येताना मासळी आणायची, असा धर्माचा बेत. धक्क्यापाशी एंजिन गुणी लेकरासारखं चालायचं. खुल्या पाण्यात, भरल्या ओझ्यानं, आचके देऊन बंद पडायचं. लाँच वाहत सुटायची, उतारू देवाचा धावा करायचे, आणि थोड्या वेळाने तेच एंजिन काही झालंच नाही अशा थाटात पुन्हा सुरू व्हायचं. दोन कारागिरांनी ते उलगडून, घासूनपुसून परत जोडलं होतं. फरक शून्य. आणि या सगळ्याचा ठपका बसला होता चांगुणेवर. ही धर्माची बायको. लाँच आणि ती एकाच महिन्यात घरात आली होती. धर्माची विधवा आई हिरूबाय धक्क्यावर चारचौघांत म्हणाली, "बोट चांगली हाय. पोरीचा पायगुन चांगला नाय. ती आली नि बोट रुसली." अमावस्येपर्यंत एंजिन सुधारलं नाही तर चांगुणेला वसईला माहेरी पोचवायचं असं घरात ठरलं होतं, आणि पोचवायचं म्हणजे पुन्हा आणायला कोणी जायचं नाही. हे सांगताना धर्माने मान वर केली नाही.

वासू ऐकून भडकला. "चोर सोडून संन्याशाला सुळी. पोरीच्या पायातून एंजिनात कुठली नळी जाते ती मला दाखव," तो धर्माला म्हणाला. पहिल्या दिवशी आम्ही मोऱ्याला जाऊन आलो आणि एंजिन एकदाही थांबलं नाही. धर्मा खूश, वासूचं तोंड उतरलेलं. "लाजतंय," तो म्हणाला, "पाहुण्यासमोर पोरं लाजतात तसं. उद्या येऊ." दुसऱ्या दिवशी त्याने लाँच भरगच्च भरायला लावली, एंजिन पुऱ्या जोरात ठेवायला सांगितलं आणि स्वतः घासलेटाच्या टाकीला पाठ लावून बसला. घारापुरीच्या अलीकडे आचके सुरू झाले. मी दोन्ही हातांनी कठडा धरलेला, आणि वासूच्या चेहऱ्यावर वरातीतला आनंद. "कोणी हात लावू नका," तो ओरडला, "पडू दे बंद."

एंजिन थांबताक्षणी त्याने टाकीकडून येणाऱ्या नळीचा सांधा सोडवला. टाकी अर्धी भरलेली, पण नळीतून थेंब येईना. नळीला तोंड लावून त्याने जोरात फुंकर मारली. टाकीत बुडबुड झाली आणि घासलेट धो धो वाहू लागलं. तोंड पुसत तो मला म्हणाला, "बापू, एंजिन निरोगी आहे रे. याच्या घशाशी काहीतरी येऊन बसतं. पंप ओढत असतो तोवर ते नळीला चिकटून राहतं, ओढ थांबली की सुटून टाकीत फिरायला लागतं. म्हणून बंद पडल्यावर शोधणाऱ्याला काही सापडत नाही." मग त्याने वाहत्या घासलेटाखाली हात धरला... आणि त्याची बडबड एकदम थांबली. तळहातावर तांदळाचे दाणे होते. सुकाणूवरून धर्माने विचारलं, "गावला काय?" वासूने मूठ मिटली. "कचरा आहे. उद्या काढतो," तो म्हणाला. एवढ्या कमी शब्दांत भागवताना मी त्याला जन्मात प्रथमच पाहिलं.

तांदूळ कुठून आले हे आम्हा दोघांनाही कळलं होतं. धर्माच्या घरची रीत अशी की नवी होडी म्हणजे घरात आलेली सून. पाण्यात लोटण्याआधी तिची ओटी भरायची. शिडाच्या होडीची ओटी नाळेशी, म्हणजे पुढच्या टोकाशी, भरतात. या लाँचची टाकी हेच तिचं पोट, असं समजून कुणीतरी खण आणि तांदूळ आत सोडले होते. आता ओटी भरायची सवाष्णीने, आणि त्या घरात सवाष्ण एकच, चांगुणा. ते दाणे धर्माला दाखवले असते तर रोग सापडला असता आणि पोर घराबाहेर गेली असती. मी तसं म्हणालो. वासू म्हणाला, "तिला टाकताना पाहिलंस तू? मग बिघाड अजून डोळ्यांनी दिसलेला नाही."

दुसऱ्या दिवशी धर्मा येण्याआधी त्याने तारेचा आकडा घालून टाकीतून हिरवा खण बाहेर काढला, उरलेले तांदूळ उपसले, खण पिळला, कागदात गुंडाळला आणि धर्मा धक्क्यावर आल्यावर एकटाच त्याच्या घराकडे गेला. परत आला तो शीळ घालत. कोणाचं काम, म्हणून विचारलं तर म्हणाला, "पंप उत्तम आहे." लाँच त्या दिवसापासून कधी थांबली नाही. अमावस्या आली आणि गेली, चांगुणा घरातच राहिली, आणि धर्माला टाकीतला कचरा एवढंच ठाऊक राहिलं. नवल त्याचं नव्हतं. नवल हे की रविवारच्या बैठकीत वासूने ही कथा एकदाही सांगितली नाही. मी डिवचलं तरी नाही. त्याची सर्वांत मोठी फत्ते, आणि हा गप्प.

परवा हिरूबाय आणि चांगुणा गिरगावात यमुनावहिनींना भेटायला आल्या. खोलीत वासूच्या आत्याबाई होत्या, मी होतो. वहिनी महिनाभर बसतात तशा कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसलेल्या. हिरूबाय त्यांच्यापुढे बसली आणि सुनेकडे न बघता बोलू लागली.

"तो खन मीच टाकला व्हता, बाय. घरधन्याची लई विच्छा व्हती यंत्राची बोट घ्यावी. तो गेला नि बोट आली. रांडवेला ओटी कोन भरू दील? म्हनून लपून भरली. मंग बोट बंद पडाया लागली. मना भ्याव वाटला, माझाच हात बाधला. नि मी पोरीवर ढकलला... तुझा घरवाला खन घेऊन आला. खन बघून मीच कबूल झाली, तवा बोलला, 'आये, बोट रुसली असती तर बुडवली असती. तिनं दर खेपेला मानसं घरी आनली. तुझी ओटी तिनं पोटात जपली. आता सुनेची भर, तुझ्याच हातानं.' नि गेला निघून. मी भरली. सवाष्नीला बोलावला नाय."

मग तिने गाठोडं सोडलं. त्यात नारळ होता, तांदूळ होते, कोरा खण होता. आत्याबाईंचा हात तोंडाशी गेला. "अगं, पण ती आता..." एवढंच त्या म्हणू शकल्या.

"ठाव हाय," हिरूबाय म्हणाली. "मी पन तीच."

त्या घटकेला मला वासूची इतकी आठवण आली की मी उघड रडलो, आणि त्याची मला लाज वाटली नाही. वहिनी सावकाश भिंतीकडून वळल्या. त्यांनी एकदा आत्याबाईंकडे पाहिलं, मग हिरूबायकडे, आणि दोन्ही हातांनी पदर पुढे पसरला.